कुलूप, किल्ली आणि वेलांटी

छापखान्यातल्या खिळे जुळाऱ्यांना देवनागरीचा जाच पूर्वापार ठाऊक आहे. रोमन लिपीचे थोड्या खिळ्यांत भागते. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांना शेकडो खिळे लागत. म्हणून आमच्या वर्धा जिल्ह्यात एकेकाळी अक्षरांवरच कात्री चालली. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकर हे लिपिसुधारणेचे पुरस्कर्ते. त्या काळच्या वर्ध्याच्या छपाईत 'इ'च्या जागी 'अि' आणि 'उ'च्या जागी 'अु' दिसू लागले. यंत्राला सोयीचे जावे म्हणून लिपीने अंग चोरावे, असा तो विचार. तो लोकांत रुजला नाही.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर गावी बसून कादंबऱ्या लिहिणारा मी एक मॅट्रिक शाळामास्तर. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु या तंट्याचा दुसरा अंक माझ्याच पिढीने हातातल्या फोनवर पाहिला. या वेळी हट्ट उलटा होता : लिपी आहे तशी राहील, बदलावयाचे ते यंत्राने!

२००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीस आला. माणूस पैसे मोजून फोन घेई. पण आतली मुख्य खोली कंपनीच्या कुलपात. घर आपले आणि आपणच भाडेकरू! दुसऱ्याच महिन्यात एक गंमत उघडकीस आली. त्या फोनवर काहीही टाइप केले की ती अक्षरे आत गुपचूप आज्ञा म्हणूनही पाळली जात. 'रिबूट' हा इंग्रजी शब्द लिहिताच फोन बंद होऊन पुन्हा सुरू होई. या चुकीतूनच लोकांना आतली किल्ली सापडली. तिला 'रूट' म्हणतात. २००९ साली स्टीव्ह कॉन्डिक याने 'सायनोजेनमॉड' ही स्वतंत्र प्रणाली काढली. त्याच सप्टेंबरात गूगलने त्यास नोटीस दिली : अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, पण जीमेल, नकाशे वगैरे आमची मालमत्ता वाटू नका. सायनोजेनने ती वगळली आणि काम चालू ठेवले.

आता आपल्या मराठीकडे वळू. त्या सुरुवातीच्या अनेक फोनांत देवनागरी नव्हतीच. आईने पाठविलेला मराठी निरोप म्हणजे रिकाम्या चौकटींची रांग! काहींनी ऑपेरा मिनीत एक खूण करून अक्षरांची चित्रे मागविली. पण ती सोय तेवढ्या एका खिडकीपुरती. हौशी पोरे फोन रूट करीत आणि आतल्या फॉन्टच्या फाइलीजागी देवनागरी असलेली फाइल ठेवीत. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त केलेले 'लोहित' फॉन्ट अशांच्या हाताशी होतेच. चौकटींच्या जागी अक्षरे उमटली, पण जुळणी येईना : 'किल्ली'ची पहिली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षर पाय मोडून पडे. तरीही आपली अक्षरे दिसली, याचेच अप्रूप! पुढे २०११-१२ च्या आवृत्त्यांपासून देवनागरी अँड्रॉइडच्या मूळ संचातच आली.

या धाडसाची किंमतही होती. मध्येच वीज गेली, किंवा दुसऱ्याच फोनची प्रणाली चढविली, की फोनची वीट होई. 'वीट' हा त्या मंडळींचाच शब्द. हमी तर बहुधा गेलेलीच. शिवाय मालक ज्या फटीतून आत शिरतो, तीतून चोरही शिरतो. २०११ च्या मार्चमध्ये 'ड्रॉइडड्रीम' नावाचा उपद्रव पन्नासाहून अधिक ॲपांत दडून गूगलच्या बाजारातच सापडला. त्याने फोन रूट करण्याचीच युक्ती वापरली होती.

काळाचा विनोद पाहा! २०१४ च्या डिसेंबरात याच सायनोजेनच्या भारतातील हक्कावरून मायक्रोमॅक्सने वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. काल जे आगाऊपणाचे होते, त्यासाठी आज कंपन्या भांडू लागल्या. २०१६ अखेर सायनोजेन मिटले आणि 'लिनिएजओएस' या नावाने तेच काम पुढे चालू राहिले. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनांना ते अजून जीव देते.

आणि तरीही आज शाळेतला मुलगा किल्ली मागू लागला, तर मी त्यास आधी एकच प्रश्न विचारतो : या फोनात घरचे बँकखाते आहे काय? कापसाचे पैसे ज्यात जमा होतात तो फोन उघडू नये. बँकांची अनेक ॲपे रूट केलेल्या फोनवर चालावयास नकारच देतात. कपाटात निकामी पडलेला फोन असेल, तर खुशाल उघडावा, त्याची प्रणाली नीट पारखून घ्यावी आणि मोडला तरी शिकावे. वाचकहो, त्या पोरांनी वीट होण्याचे भय पत्करले ते एका वेलांटीसाठी. म्हणून आज निरोप सरळ मराठीत वाचताना त्यांची आठवण ठेवावी, आणि घरच्या कुलपाचीही.