माल अत्यावश्यक, मग माणूस?

आमच्या कोंढ्यात सोयरीक जुळवताना 'पोरगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागला आहे' एवढं सांगितलं की पुढची चौकशी संपायची. धानाचा काय भरवसा, पण दारूगोळा देशाला लागणारच, म्हणजे नोकरी पक्की. हा हिशोब आपल्याच जिल्ह्यात याआधी एकदा पार चुकलेला आहे.

तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी घ्या. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, याहून अत्यावश्यक काय असणार? पण 1929 नंतरच्या जागतिक मंदीत परदेशातल्या पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या आणि 1932 च्या आसपास मध्य प्रांतातल्या कित्येक खाणी बंद पडल्या. खाणींवर बायाही मोठ्या संख्येने राबायच्या. काम गेलं तर भरपाई मागायला कायदाच नव्हता. ले-ऑफ आणि कपातीच्या भरपाईची तरतूद आली ती 1953 साली.

गंमत पुढे आहे. दुसरं महायुद्ध पेटलं आणि 1941 मध्ये इंग्रज सरकारने अत्यावश्यक सेवांचा अध्यादेश काढला. सरकारने अत्यावश्यक ठरवलेलं काम सबळ कारणाशिवाय सोडणं हा गुन्हा झाला. म्हणजे मंदीत मालक काढू शकतो, पण युद्धात मजूर सोडून जाऊ शकत नाही! 'अत्यावश्यक' हा शब्द तेव्हापासून कामगाराला बांधायला जास्त वापरला गेला, त्याची भाकर राखायला कमी, असं माझं मत आहे.

आता अलीकडचं. 16 मे 2020. लॉकडाऊन सुरू, आपल्या हायवेवरून मजूर पायी गावाकडे चाललेले. त्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मदत पॅकेजमध्येच आयुध निर्माणी मंडळाच्या कंपनीकरणाची घोषणा केली. कामगार संघटनांनी बेमुदत संपाची हाक दिली, तेव्हा 30 जून 2021 ला अध्यादेश आला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. संरक्षण उत्पादन अत्यावश्यक, म्हणून तिथे बंदी असताना संप केला तर एक वर्षापर्यंत कैद. कायदा वर्षभरापुरताच होता, पण तेवढ्यात काम झालं. 1 ऑक्टोबर 2021 ला 41 कारखान्यांच्या 7 कंपन्या झाल्या. आपली भंडारा फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली.

खरं बोलायचं तर जुन्या कामगारांची नोकरी गेली नाही. देशभरातले सुमारे 70,000 लोक प्रतिनियुक्तीवर धरले गेले, ती मुदत पुढे वाढत गेली. सरकारी कंपनीने मोकळेपणाने व्यवहार करावा, ऑर्डरी मिळवाव्या, या म्हणण्यातही तथ्य आहे. फटका बसला तो नव्या पोट्ट्यांना. 2024 मध्ये याच फॅक्टरीने डेंजर बिल्डिंग वर्करची पदं करारावर भरायला काढली. आयुध निर्माणीत अप्रेंटिस केलेल्यांसाठी. मुदत एक वर्ष, वाढली तर चार वर्षांपर्यंत.

काम तेच, स्फोटकांचं. 24 जानेवारी 2025 ला याच फॅक्टरीत स्फोट होऊन 8 जण गेले, तो आवाज जिल्हा विसरलेला नाही.

परवा गावात एका सोयरिकीला बसलो होतो. 'पोरगा फॅक्टरीत आहे,' असं सांगितल्यावर मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "परमनंट का करारावर?"