रस्ता कोणाचा? महाडच्या ठरावापासून गावच्या रुंदीकरणापर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत रस्त्यावर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या समाजाचा इतिहास हा एका अर्थाने वाटेचाच इतिहास आहे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वडाची झाडे लावली, विहिरी खोदल्या, माणूस आणि जनावर दोघांचीही सोय पाहिली. हे त्याच्या लेखांत कोरलेले आहे. राज्याने केलेली सोय सर्वांची, हा विचार म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीचा. पुढे जातिव्यवस्थेने तो गाडून टाकला. त्रावणकोर संस्थानात वायकोमच्या मंदिराभोवतीचे सार्वजनिक रस्तेसुद्धा अस्पृश्यांना बंद होते. १९२४ साली तिथे सत्याग्रह झाला. १९२५ च्या अखेरीस तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा मात्र बंदच राहिला.

आपल्या मुंबई इलाख्यात ही लढाई कायदेमंडळात सुरू झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण फक्त कागदावर. स्थानिक संस्था दाद देत नाहीत हे पाहून बोले यांनी १९२६ साली पुन्हा ठराव मांडला, की जी नगरपालिका ऐकत नाही तिचे अनुदान बंद करा. पैशाची नाडी कुठे असते, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या मिरवणुकीने महाडच्या बाजारपेठेतून चालत तळ्यावर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात दहा वर्षे चालले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अनादि काळापासूनची वहिवाट असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही. म्हणजे शेवटी दोनच प्रश्न उरले : मालकी कोणाची आणि पुरावा कोणता?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद भरली. सरकारी टपाल पोहोचवणारा, वाटसरूला वाट दाखवणारा, शिवेची खूण सांगणारा महार. सगळ्या गावाची वाट त्याच्या पायाखालची, पण त्याचे घर गावाबाहेर! १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाल्या, पण शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा शर्तीवर.

आज त्याच जमिनींच्या कडेने मोठे रस्ते येत आहेत. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. गावोगाव रुंदीकरणाच्या खुणा पडतात आणि ग्रामसभा गाजतात. रस्त्याला आमचा विरोध नाही. पोराला शाळेत जायला, बाईला बाळंतपणाला न्यायला, मयत स्मशानात न्यायला रस्ता हवाच. पण मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला. आजोबांचे नाव तसेच राहिले, वारसांची नोंद झाली नाही, तर जमीन जाते आणि घरचे लोक कचेरीचे उंबरे झिजवीत बसतात.

शहरात आणखी एक प्रकार आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे रस्त्यासाठी जागा देणाऱ्याला पैशाऐवजी जादा चटई क्षेत्र किंवा टीडीआर घेता येतो, आणि टीडीआर बिल्डरला विकता येतो. ज्याच्या नावावर जागाच नाही त्या झोपडीवाल्याच्या हाती काय, तर नोटीस! आणि बिल्डरच्या पैशातून रस्ता झाला की तो म्हणतो, रस्ता माझा, फाटक लावणार. वास्तविक मंजूर आराखड्यातला सार्वजनिक रस्ता सर्वांचा असतो. पैसा खाजगी असला म्हणून बोले ठरावाचे तत्त्व विकले जाऊ नये.

बांधवांनो, १९२३ साली सभागृहात आपले किती लोक होते? १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत आपल्या राखीव जागा घटनेनेच पक्क्या झाल्या. तिथे बसलेल्या आपल्या माणसाने रस्त्याचा ठराव वाचल्याशिवाय सही करू नये. आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. गावनकाशाची नक्कल काढून ठेवावी. त्यात तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पायवाट. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. वंदनेनंतर अर्धा तास वस्तीतल्या सातबाऱ्यांच्या नोंदी तपासायला काढावा, अशी आमची सूचना आहे. महाडला चालून गेलेल्यांचे ऋण असेच फिटेल.

नमो बुद्धाय! जय भीम!