नकाशाखालचं शहर

नील गेमनची 'नेव्हरव्हेअर' मी शाहूपुरीतल्या आमच्या घरात वाचली. 1996 साली आधी ती बीबीसीवर मालिका म्हणून आली, मग कादंबरी झाली. रस्त्यावर जखमी पडलेल्या मुलीला रिचर्ड मेह्यू उचलतो आणि त्यानंतर तो स्वतःच ओळखीच्यांना दिसेनासा होतो. लंडनच्या खालच्या लंडनात पोचतो. तिथे अर्ल्स कोर्ट म्हणजे भुयारी गाडीच्या डब्यात भरलेला खराखुरा अर्लचा दरबार! बेघरांकडे कोणी बघत नाही, एवढ्या गोष्टीची गेमनने जादू केली.

मराठीत असं शहर 24 वर्षं आधीच आलं होतं, तेही जादूशिवाय. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला. त्याची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांसोबत कामाठीपुऱ्यात हिंडले. कवितेतल्या कित्येक शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांनाच विचारले. दोघांची मुंबई एक, लिहायची भाषा एक. तरी मध्ये वाटाड्या लागला. तेंडुलकरांनी निदान विचारलं तरी.

मी काय केलं? 1891 साली कोल्हापुरात रेल्वे आली, 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ भरभराटली, हे मला शाळेपासून पाठ आहे. लहानपणी गुळाचे रवे पाठीवर घेतलेले हमाल रोज आमच्या दारावरून जायचे. त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही.