आवारातील जुने वृक्ष : निगा

घर, वाडा किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पूर्ण वाढ झालेल्या झाडांची देखभाल. रोप जगवणे आणि जुने झाड राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. जुन्या झाडाला खतपाणी क्वचितच लागते. त्याच्या बाबतीत काय करू नये, तेच जास्त सांगावे लागते. महाराष्ट्र-गोव्यातील आवारांत आंबा, फणस, नारळ, उंबर ही घरची झाडे आणि शोभेसाठी बाहेरून आलेले गुलमोहर (मूळ मादागास्कर) व पर्जन्यवृक्ष (मूळ मध्य व दक्षिण अमेरिका) नेहमी आढळतात.

मुळे व जमीन : झाड जितके उंच तितकी मुळे खोल, हा समज चुकीचा आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी द्यायचे तर बुंध्याशी रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा घेराच्या कडेने पंधरवड्यातून एकदा भरपूर द्यावे. मुळांना हवाही लागते. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवले, ड्रेनेजचा चर खणला किंवा अंगण उंच करण्यासाठी बुंध्याभोवती फूटभर भराव टाकला, तर झाड त्याच वर्षी मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तोवर कंत्राटदार आणि कधीकधी समितीही बदललेली असते आणि दोष झाडाच्या वयावर जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. जुन्या वडाला एवढी जागा म्हणजे नुसता श्वास घेण्यापुरती. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाडाचाच पालापाचोळा त्याच्या पायाशी राहू देणे. बहुतेक आवारांत तो झाडून जाळला जातो.

छाटणी : पावसाळ्यापूर्वी झाड ‘बोडण्याची’, म्हणजे शेंडा आणि जाड फांद्या सरसकट उडवण्याची पद्धत शहरांत रूढ आहे. त्यानंतर फुटणारे धुमारे वरवर रुजलेले असतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात तेच आधी मोडतात. पान गेल्याने झाडाचे अन्नही तुटते, ते वेगळेच. छाटायच्या त्या वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या किंवा छपरावर आलेल्या फांद्या, आणि त्याही मोजक्या.

झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून अलग पाडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. हे अमेरिकी वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुरकुत्यांची किंचित फुगीर कडी असते, तिला कॉलर म्हणतात. भिंत घालण्याचे काम तिथूनच होते. म्हणून जाड फांदी तीन कापांत उतरवतात : खोडापासून हातभर अंतरावर पहिला काप खालून अर्धवट, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नेत नाही, आणि उरलेले खुंट कॉलरच्या अगदी बाहेर तिसऱ्या कापाने. कॉलर कापली तरी वाईट आणि लांब खुंट ठेवले तरी वाईट. कापावर डांबर फासण्याने काही साधत नाही.

ढोली : ढोली म्हणजे झाड संपले असे नव्हे. आतले लाकूड मृतच असते. भार पेलते ते बाहेरचे. शाबूत भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ झाली की मात्र काळजी करावी, हा ढोबळ आडाखा. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी चाल सोडून द्यावी : झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी साचते. बुंध्यालगत चकचकीत तपकिरी, फळीसारखी अळंबी (गॅनोडर्मा) दिसली तर मुळे कुजत असल्याची शक्यता असते. गुलमोहराबाबत ही खूण विशेष गांभीर्याने घ्यावी.

कीड व बांडगूळ : आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला आणि सालीतून रस गळताना दिसला, तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी असते. टोकाला वाकवलेली तार भोकात घालून अळी ओढून काढतात, रॉकेलचा बोळा सारतात आणि भोक चिखलाने लिंपतात. बांडगुळाच्या चिकट बिया फुलटोच्या पक्षी फांदीफांदीवर पसरवतो. ते फळ धरण्यापूर्वी फांदीसकट काढावे.

नारळाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले, म्हणून गेंड्या भुंग्यासाठी शेंडा तपासत राहावे. पावसापूर्वी फक्त वाळलेल्या झावळ्या उतरवाव्यात, हिरव्या नव्हेत.

कायदा : शहरी भागात झाड स्वतःच्या आवारातले असले तरी ते मालकाच्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे बंधनकारक केले. हे वय सांगणे सोपे नसते, कारण सागासारखे अपवाद वगळता उष्ण प्रदेशातील अनेक झाडांत वर्षवलये स्पष्ट उमटत नाहीत. छातीच्या उंचीवर, सुमारे १.३७ मीटरवर, घेर मोजून अंदाज बांधावा लागतो. तोडण्याचा अर्ज आला की हरकती मागवणारी नोटीस झाडावरही लावली जाते. ती सुतळीने बांधावी. खिळ्याने ठोकू नये.