दख्खनी शिकारीतील दुबेळके

तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीने रंजकेला, अर्थात कानातल्या बारीक दारूला, बत्ती देणारी बंदूक, लांब नळीची व जड असे. शिवाय चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर लोटत असल्याने तेवढा वेळ नेम ढळू न देणे हीच नेमबाजाची खरी कसोटी ठरे. म्हणून हिंदुस्थानातील काही बंदुकांच्या नळीला पुढच्या बाजूस बिजागरीने मिटणारे दोन पाय जोडत. बसून वा पालथे पडून, उघड्या माळावर हरणासारखे दूरचे जनावर टिपताना हे दुबेळके अतिशय उपयोगी पडे.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द 1869 ते 1911) यांच्या वाघाच्या शिकारीची ख्याती मोठी होती, आणि राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांत ते शिकारवैभव आजही पाहता येते; परंतु तोवर आखूड, काडतुसाच्या रायफली रूढ झाल्या होत्या, आणि मचाणाखालून हाकाऱ्यांनी उठवलेला वाघ काही क्षणच दिसत असल्याने पाय रोवून नेम धरण्यास अवसरच उरत नसे. दुबेळक्याची गरज ओसरली ती मुख्यतः या बदललेल्या पद्धतीमुळे, असे मानणे सयुक्तिक वाटते. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध घातले.