पाखंडाची लेखणी : युरोपात आणि पुण्यात

इसवी सन १८८१ हे वर्ष विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात मोठे लक्षणीय म्हणावे लागेल. त्या वर्षीच्या ४ जानेवारीस पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला आणि त्याच्या संपादकपदी गोपाळ गणेश आगरकर हे पंचविशीही न गाठलेले पदवीधर बसले. मे महिन्यात लंडन येथे जॉर्ज विल्यम फूट याने ‘फ्रीथिंकर’ नावाचे, ख्रिस्ती धर्माची उघड उघड टवाळी करणारे पत्र सुरू केले. आणि २९ जुलै रोजी फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा संमत करून धर्मनीतीची अवहेलना हा गुन्हाच कायद्याच्या पुस्तकातून पुसून टाकला. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीही नव्हता. परंतु युरोपातील धर्मचिकित्सेचा इतिहास सांगावयास बसले असता मराठी माणसाच्या नजरेस त्या एकाच ओळीत दिसाव्यात, यात वावगे काही नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी विषय दिला तो युरोपचा. पण लंडनहून निघालेली वाट फार लवकर बुधवार पेठेकडे वळते, त्यास माझा नाइलाज आहे.

फूट आणि आगरकर या दोन्ही संपादकांस पुढील दोन वर्षांच्या आत तुरुंग पाहावा लागला. कारणे मात्र अगदी निराळी. आगरकर व टिळक यांना १८८२ च्या जुलैत शिक्षा झाली ती कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या प्रकरणात धर्माचा प्रश्न नव्हता. फूट याने मात्र १८८२ च्या नाताळ अंकात बायबलातील कथांवर व्यंगचित्रे छापली आणि त्यासाठी १८८३ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्यास एक वर्षाची कैद ठोठावली. गंमत अशी की, त्याच्या पुढच्याच महिन्यात फूटवरील दुसऱ्या खटल्यात लॉर्ड चीफ जस्टिस कोलरिज यांनी ज्यूरीस असे समजावून दिले की, वादाची सभ्यता सांभाळली तर धर्माच्या मूलतत्त्वांवर हल्ला करणे हाही गुन्हा ठरत नाही. ज्यूरीचे एकमत झाले नाही. ‘काय’ म्हटले यापेक्षा ‘कसे’ म्हटले याला महत्त्व देणारा हा दंडक सुशिक्षितांच्या फार सोयीचा होता. प्राध्यापकाने जाडजूड ग्रंथात देव नाही असे लिहिले तर ते तत्त्वज्ञान, आणि मजुराने तेच चार शब्दांत लिहिले तर ती निंदा! जॉन स्टुअर्ट मिल याच्या १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात अशा एका दुर्दैवी माणसाचा उल्लेख आहे. कॉर्नवॉल परगण्यातील टॉमस पूली या विहिरी खणणाऱ्या माणसाने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माविषयी काही अनुदार शब्द लिहिले, म्हणून १८५७ साली त्यास २१ महिन्यांची शिक्षा झाली होती. इंग्लंडमधील तो निंदेचा कायदा केवळ ख्रिस्ती धर्माचे, व्यवहारात तेथील राजमान्य चर्चचे, रक्षण करी. इतर धर्मांविषयी त्यास काही देणेघेणे नव्हते. तो रद्द व्हावयास २००८ साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानातील स्थिती याहून चमत्कारिक होती. मेकॉलेच्या आराखड्यावरून तयार झालेली १८६० ची दंडसंहिता सर्व धर्मांस सारखेच लेखी. देवस्थान भ्रष्ट करणे, धार्मिक मेळाव्यात व्यत्यय आणणे, कोणाच्या धर्मभावना दुखविण्याच्या बुद्धीने त्याच्या कानावर पडेल असा शब्द उच्चारणे वा हावभाव करणे, हे गुन्हे होते. परंतु कलम २९८ बारकाईने वाचले तर त्यात उच्चारलेला शब्द आहे, लिहिलेला नाही. म्हणजे आमचा पूली रत्नागिरीत किंवा साताऱ्यात असता, तर केवळ फाटकावरील त्या मजकुरापायी दंडसंहितेच्या धर्मविषयक प्रकरणाखाली त्यास तुरुंगात धाडणे सरकारी वकिलास जड गेले असते. टॉमस पेनचा ‘एज ऑफ रीझन’ छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल या लंडनच्या प्रकाशकाने १८१९ पासून सहा वर्षे तुरुंगात काढली. त्याच पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचला आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ब्राह्मणी धर्मकथांची जी झडती घेतली तीपायी त्यांना एक दिवसही कैद भोगावी लागली नाही. अनेक थोर विचारवंतांस यावरून इंग्रजी राज्याचे गोडवे गाण्याचा मोह झाला. तो समजण्यासारखा असला तरी पुरा खरा नव्हे. परक्या सरकारला आपल्या देवांविषयी आस्था नव्हती, म्हणून त्या देवांच्या टीकाकाराविषयी रागही नव्हता, एवढेच. याच सरकारविरुद्ध लिहिले म्हणजे काय होते, ते टिळकांनी १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली पाहिले.

तेव्हा पुण्यात धर्मावर लिहिणाऱ्यास भय होते ते न्यायाधीशाचे नव्हे, शेजाऱ्याचे.

आगरकरांचे मिलवर एवढे प्रेम का जडले याचे उत्तर मला येथेच सापडते. कायद्याच्या जुलुमापेक्षा समाजाचा जुलूम अधिक खोलवर शिरतो, कारण त्यातून सुटण्याच्या वाटा कमी असतात, हे मिलचे म्हणणे लंडनमध्ये सिद्धान्त म्हणून वाचले जाई. सदाशिव-नारायण पेठांत तो रोजचा अनुभव होता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्याली, किंवा निदान पेला पुढे आल्यावर नाही म्हणाली नाहीत. त्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या मंडळीत टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते. ज्यांच्या न्यायासनासमोर पक्षकार मान लवून उभे राहत, त्या रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या कुटुंबातील स्त्रिया, लग्नाच्या मुली, श्राद्धपक्षास भटजी मिळण्याची पंचाईत, यांचा विचार केला म्हणजे त्यांना दोष देणे आपणांस दिल्लीत बसून सोपे आहे, एवढेच मी म्हणेन.

आगरकरांनी मात्र ही किंमत मोजावयाचे ठरवूनच लेखणी हाती धरली होती. सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले तेव्हा १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला, आणि १८८८ च्या दसऱ्यास स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. पगार शिक्षकाचा, प्रकृती दम्याने पोखरलेली, आणि विषय असे की प्रत्येक अंकागणिक एखादे घर तुटावे. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे, स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाहीत. आणि याच ओघात, देवांची कल्पना माणसाच्या मनात मुळात उपजली कशी, हाही. हा शेवटचा विषय सर्वांत धाडसाचा होता. स्पेन्सरच्या विचारांचा आधार घेऊन ते सांगत की, भीती, स्वप्ने आणि मृत पूर्वजांची आठवण यांतून आदिमानवाने देव घडविले. म्हणजे एखादी रूढी शास्त्रात बसते की नाही हा वादच त्यांनी बाजूस सारला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक धर्मग्रंथांतूनच सुधारणेस आधार काढीत, डॉ. भांडारकरांनी संमतिवयाच्या वादात असे आधार मोठ्या विद्वत्तेने दाखविले. आगरकर म्हणत, आधार मिळाला तर ठीक, न मिळाला तरी अन्याय तो अन्यायच. युरोपातील धर्मचिकित्सेतून त्यांनी जर काही खरोखर उचलले असेल तर ते हे. कोणा पाश्चात्त्याचे मत त्यांनी आयते घेतले नाही. प्रमाण कशाला मानावयाचे, ते ठरविण्याचा हक्क तेवढा घेतला.

त्यांची भाषा कोलरिजच्या सभ्यतेच्या कसोटीस उतरली असती काय? मला शंका आहे. केशवपनावर लिहिताना त्यांची लेखणी सौम्य राहत नसे, आणि ती तशी राहावी अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलीपुढे न्हावी बसवणाऱ्यांशी कोणत्या गोड शब्दांत बोलावयाचे? पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना वारले. त्या काळचे विरोधक निदान प्रतिमा जाळून थांबत. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याच पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरावयास निघाले असता पुलावर गोळ्या घालून मारले गेले आणि २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे. त्याच वर्षीच्या जानेवारीत पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या पत्राच्या कचेरीवरील हल्ल्यात बारा माणसांचा बळी गेला होता. फ्रान्सने १८८१ साली कायद्यातून जे पुसले, ते सर्वांच्या मनांतून पुसले गेले नव्हते.

येथे राजधानीत राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांस जवळची वाटावी अशी एक हकीकत सांगतो. मुनिरक्याहून निघालेली बस अर्ध्यापाऊण तासात ज्या संसद भवनाच्या परिसरात पोहोचते, तेथील जुन्या गोल इमारतीचे उद्घाटन १९२७ च्या जानेवारीत झाले. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने दंडसंहितेत कलम २९५-अ घातले. लाहोरला महाशय राजपाल यांनी प्रेषितांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यांची सुटका केली, कारण लिखित धर्मनिंदेस नेमके लागू पडणारे कलमच नव्हते. ती फट सप्टेंबरात बुजविण्यात आली. प्रवर समितीवर असलेल्या बॅ. जिनांनी तेव्हा बजावले होते की, प्रामाणिक हेतूने धर्माची चिकित्सा करणाऱ्यास व इतिहास लिहिणाऱ्यास या कायद्याची झळ लागता कामा नये. म्हणूनच ‘हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने’ असे शब्द त्यात आले. राजपाल यांचा १९२९ साली खून झाला. कायद्याने ना त्यांचे रक्षण केले ना खुन्याची समजूत घातली. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम १९५७ साली वैध ठरविले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून नांदत आहे.

आणि याच १९२७ च्या जुलैत मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. महर्षी अण्णासाहेबांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकून आलेले आणि पक्के निरीश्वरवादी. १९२१ पासून ते संततिनियमनाचा सल्ला देत. त्या पायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. विल्सन मिशनऱ्यांचे, आणि पुढे खटला भरणारे पुण्याचे सनातनी. एरवी एकमेकांच्या सावलीस न उभे राहणारे हे दोन पक्ष कर्व्यांच्या बाबतीत मात्र एकमताचे निघाले! १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. कलम अश्लीलतेचे होते, धर्माचे नव्हे. परंतु पोटात दुखत होते ते विवाह हा पवित्र संस्कार न मानता त्याची तर्काने तपासणी केली याबद्दल, हे उघड आहे.

१९३४ साली वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर पुन्हा खटला झाला. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आटोपून आलेला, अस्पृश्यांच्या राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेला पुढारी एका अल्पखपाच्या मासिकासाठी वकीलपत्र घेतो, हे त्या काळीही अनेकांस कोड्यात टाकणारे असावे. मला त्यात कोडे वाटत नाही. मनुस्मृतीचे दहन करून सहाच वर्षे झाली होती. प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा म्हणजे काय हे बाबासाहेबांइतके कोणास ठाऊक असणार? त्यांचा युक्तिवाद असा होता की, मासिकच जर लैंगिक शिक्षणासाठी आहे आणि वाचक जर प्रश्न विचारीत आहेत, तर उत्तर न देणे म्हणजे मासिक बंद करणे होय. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्याने अश्लील ठरत नाही. आधारासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचे लेखन पुढे केले. परंतु ज्या एलिसचा दाखला मुंबईत दिला गेला, त्याचाच ग्रंथ विकल्याबद्दल लंडनमध्ये १८९८ साली जॉर्ज बेडबरो या विक्रेत्यावर खटला झाला होता. न्यायालयाने युक्तिवाद मानला नाही. दंड २०० रुपये.

दूरदेशी राहणारा मराठी समाज गणपती, कोजागरी, हळदीकुंकू सर्वत्र नेतो, आणि ते योग्यच आहे. आगरकरांची व कर्व्यांची पुस्तके मात्र सामानात बांधावयाची बहुधा राहून जातात. आपल्या मुनिरक्याच्या मंडळाने ग्रंथालयाच्या कपाटात ‘समाजस्वास्थ्य’मधील निवडक लेखांस जागा द्यावी अशी या निमित्ताने सूचना करतो. त्यातील कित्येक लेख आजही कोणास आवडणार नाहीत, मलाही सर्वच आवडतात असे नाही.

दंड भरून कर्वे घरी आले आणि पुढचा अंक जुळवू लागले. वर्गणीदार थोडे, जाहिराती नसल्यातच जमा, पत्नी मालतीबाईंचा पाठिंबा हीच काय ती पुंजी. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते निवर्तले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या नोव्हेंबरात निघाला.