राष्ट्रपतीचे काम थांबते तेव्हा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 65 मध्ये दोन वेगळे प्रसंग गृहीत धरले आहेत. मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीमुळे राष्ट्रपतिपद रिकामे झाले, तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम पाहतो. निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. राष्ट्रपती पदावर असूनही गैरहजेरी, आजारपण वा अन्य कारणाने काम करू शकत नसेल, तर तो रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती त्याची कार्ये पार पाडतो. 1961 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद गंभीर आजारी पडले, तेव्हा उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी काही महिने हा भार सांभाळला.

मात्र राष्ट्रपती असमर्थ आहे हे कोणी ठरवायचे, याची कार्यपद्धती संविधानात नाही. अमेरिकेने 1967 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा निर्णय उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाच्या बहुमतावर सोपवला. अध्यक्षाने हरकत घेतली, तर अखेरचा शब्द काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. बेशुद्ध राष्ट्रपती स्वतः कळवू शकत नाही, म्हणून भारतातली ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

दुसरी उणीव 1969 मध्ये उघडी पडली. 3 मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पण तेही नसतील तर कोण? अनुच्छेद 70 ने अशा प्रसंगांची तरतूद संसदेवर सोडली होती. 28 मे रोजी तसा कायदा झाला: उपराष्ट्रपतीही नसेल तर भारताचा सरन्यायाधीश, तोही नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा उपलब्ध असलेला ज्येष्ठतम न्यायाधीश. दोन महिन्यांच्या आतच त्याची गरज पडली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी 20 जुलैला राजीनामा दिला.

सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयात वकिली करून पुढे तिथेच 1954 मध्ये मुख्य न्यायाधीश झालेले. 24 ऑगस्टपर्यंतच्या 35 दिवसांत त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे स्वागत केले, आणि 9 ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती दिली. या कायद्याला आव्हान देणारा खटला पुढे अकरा न्यायाधीशांसमोर चालला; त्यांत हिदायतुल्ला नव्हते. सही करणाऱ्यानेच त्या सहीचा न्याय करणे टळले, हे योग्यच झाले. ऑक्टोबर 1982 मध्ये राष्ट्रपती झैलसिंग हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा उपराष्ट्रपती म्हणून तेच काम पुन्हा हिदायतुल्लांकडे आले. या वेळी मात्र अनुच्छेद 65 च्या दुसऱ्या भागाखाली.

मधल्या काळात, 11 फेब्रुवारी 1977 रोजी, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. जबाबदारी आली उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांच्यावर. ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला जनता सरकारने दिला, तेव्हा जत्तींनी सही लांबवली. राष्ट्रपती म्हणून काम पाहणारा उपराष्ट्रपती हंगामी असला तरी अनुच्छेद 65 नुसार राष्ट्रपतीचे सारे अधिकार त्याला मिळतात. पण 42व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक केला होता, आणि ते बंधनही त्या अधिकारांसोबतच आले. 30 एप्रिलला जत्तींनी सही केली.